घटक ६ : मुक्त व्यापार करार, रोजगारहानी आणि राजकीय दोषारोप
(नाफ्टा कराराच्या विशेष संदर्भात)

६.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
• नाफ्टा कराराची पार्श्वभूमी आणि त्याच्या मंजुरीचे राजकारण सांगता येईल.
• कराराचा देशाच्या सरासरीवर झालेला परिणाम आणि विशिष्ट गावांवर झालेला परिणाम यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• अमेरिकेतील कारखानदारी रोजगार घटण्याची विविध कारणे वेगळी करता येतील.
• रोजगारहानीचा ठपका करारावरच का येतो, याची कारणमीमांसा करता येईल.
• नुकसानग्रस्तांना भरपाई देण्याच्या धोरणाचे महत्त्व विशद करता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, तुलनात्मक लाभाच्या सिद्धान्ताशी तुम्ही परिचित आहात. डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ मध्ये मांडलेल्या या सिद्धान्तानुसार, ज्या वस्तूच्या उत्पादनात आपल्याला सापेक्षतः अधिक लाभ आहे ती वस्तू प्रत्येक देशाने निर्माण करावी आणि बाकीच्या वस्तू इतरांकडून घ्याव्यात. असे केल्याने व्यापारात भाग घेणाऱ्या सर्व देशांचे एकूण उत्पन्न वाढते. हा सिद्धान्त तर्कदृष्ट्या भक्कम आहे. परंतु तो 'देशा'विषयी बोलतो. काम सुटते ते मात्र माणसाचे, आणि मतदान करतो तोही माणूसच. देशाचे उत्पन्न वाढत असताना त्याच देशातील एखादे गाव उजाड होऊ शकते. अशा वेळी त्या गावातील लोक विचारतात, 'हे कोणामुळे झाले?' या प्रश्नाला राजकारणात जी उत्तरे दिली जातात, त्यांचा अभ्यास प्रस्तुत घटकात करावयाचा आहे.

त्यासाठी आपण उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करार, म्हणजेच 'नाफ्टा', हे उदाहरण निवडले आहे. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तीन देशांमधील हा करार १ जानेवारी १९९४ रोजी अमलात आला. त्यानंतरची पंचवीस वर्षे अमेरिकेतील निवडणुकांमध्ये त्याच्यावर सतत टीका होत राहिली. ही टीका किती खरी, किती अतिरंजित आणि किती सोयीची होती, हे पुराव्यांच्या आधारे तपासणे हा या घटकाचा गाभा आहे.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ करार आणि त्याची मंजुरी

नाफ्टाच्या वाटाघाटी रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांच्या कारकिर्दीत झाल्या. १७ डिसेंबर १९९२ रोजी बुश, कॅनडाचे पंतप्रधान ब्रायन मलरोनी आणि मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष कार्लोस सालिनास यांनी करारावर स्वाक्षऱ्या केल्या. तोपर्यंत बुश निवडणूक हरले होते. त्यामुळे कराराला संसदेची मंजुरी मिळवण्याचे काम डेमोक्रॅटिक पक्षाचे नवे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्याकडे आले. क्लिंटन यांनी कामगार आणि पर्यावरण या विषयांवरील दोन पूरक करार जोडून घेतले आणि मूळ कराराचा हिरिरीने पुरस्कार केला.

१७ नोव्हेंबर १९९३ रोजी प्रतिनिधिगृहात २३४ विरुद्ध २०० मतांनी करार संमत झाला. या मतदानाचा तपशील उद्बोधक आहे. क्लिंटन यांच्या स्वतःच्या पक्षाचे केवळ १०२ सदस्य कराराच्या बाजूने, तर १५६ सदस्य विरोधात होते. करार तरला तो विरोधी रिपब्लिकन पक्षाच्या १३२ मतांवर. म्हणजे वाटाघाटी एका पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाने केल्या, मंजुरी दुसऱ्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाने मिळवली आणि मते दोन्ही पक्षांनी दिली. पुढे 'हा करार कोणी केला?' असे विचारले गेले, तेव्हा प्रत्येक पक्षाला दुसऱ्याकडे बोट दाखवता आले, याचे मूळ येथे आहे.

६.२.२ भाकिते आणि प्रत्यक्ष

करारापूर्वी दोन टोकांची भाकिते केली गेली. १९९२ च्या निवडणुकीतील अपक्ष उमेदवार व उद्योगपती रॉस पेरो यांनी, हा करार झाल्यास अमेरिकेतील नोकऱ्या जणू मोठा आवाज करीत दक्षिणेकडे शोषल्या जातील, असा इशारा दिला. त्या निवडणुकीत त्यांना सुमारे १९ टक्के मते मिळाली. अपक्ष उमेदवारासाठी हे प्रमाण लक्षणीय होते. याउलट, करारामुळे पहिल्या दोन वर्षांत अमेरिकेत दोन लाख नोकऱ्या निर्माण होतील, असे क्लिंटन यांनी सांगितले.

प्रत्यक्षात दोन्ही भाकिते फसली. नोकऱ्यांचा महापूर दक्षिणेकडे वाहिला नाही. १९९३ मध्ये ६.९ टक्के असलेला अमेरिकेतील बेरोजगारीचा दर २००० मध्ये ४ टक्क्यांवर आला. कारखानदारीतील रोजगारही कराराच्या पहिल्या चार-पाच वर्षांत घटला नाही. १९९३ मध्ये तो सुमारे १ कोटी ६८ लाख होता, तर १९९८ मध्ये सुमारे १ कोटी ७६ लाख झाला. मात्र मेक्सिकोशी व्यापारातून नोकऱ्या वाढतील हा क्लिंटन यांचा हिशेबही जुळला नाही. डिसेंबर १९९४ मध्ये मेक्सिकोचे चलन पेसो कोसळले आणि काही महिन्यांतच त्याचे मूल्य जवळपास निम्म्यावर आले. मेक्सिकन माल स्वस्त झाला व अमेरिकी माल मेक्सिकन ग्राहकाला परवडेनासा झाला. १९९३ मध्ये मेक्सिकोबरोबरच्या व्यापारात अमेरिकेचे सुमारे १७० कोटी डॉलरचे आधिक्य होते. १९९५ मध्ये तेथे सुमारे १५८० कोटी डॉलरची तूट दिसू लागली.

कराराच्या एकूण परिणामाविषयी अभ्यासकांचे अंदाज वेगवेगळे आहेत. अमेरिकी संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने २००३ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार, करारामुळे देशाचे उत्पन्न वाढले, पण ते एका टक्क्याच्या काही शतांशांइतकेच. कामगार संघटनांना जवळ असलेल्या इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूट या संस्थेने मेक्सिकोबरोबरच्या तुटीमुळे २०१० पर्यंत सुमारे ६ लाख ८३ हजार नोकऱ्या गेल्याचा अंदाज दिला. या पद्धतीवर एक आक्षेप घेतला जातो : ती व्यापारतुटीचे थेट नोकऱ्यांत रूपांतर करते, परंतु तूट पेसोच्या घसरणीसारख्या अन्य कारणांनीही वाढते. तरीही हा मोठा अंदाज जरी स्वीकारला, तरी कोट्यवधी नोकऱ्यांच्या अर्थव्यवस्थेत तो आकडा लहानच ठरतो.

६.२.३ सरासरी आणि गाव

येथे विद्यार्थ्यांनी थांबून विचार करावा. परिणाम 'लहान' होता, असे म्हणताना आपण सरासरीविषयी बोलत असतो. सरासरीत कोणी राहत नाही. लोक गावात राहतात.

इलिनॉय राज्यातील गेल्सबर्ग हे सुमारे ३३ हजार वस्तीचे शहर पाहा. तेथील मेटॅग कंपनीच्या शीतकपाटांच्या कारखान्यात सुमारे १६०० लोक काम करीत होते. कंपनीने २००२ मध्ये कारखाना बंद करण्याचा निर्णय जाहीर केला आणि सप्टेंबर २००४ मध्ये तो बंद झाला. उत्पादनाचा मोठा भाग मेक्सिकोच्या सीमेवरील रेनोसा शहरात गेला. देशाच्या आकडेवारीत १६०० ही संख्या नगण्य आहे. पण एवढ्या वस्तीच्या शहरात तो सर्वांत मोठ्या आधारांपैकी एक होता. अशा शहरात कारखाना बंद पडला की केवळ पगार थांबत नाही. अमेरिकेत बहुतेक नोकरदारांचा आरोग्यविमा नोकरीशी जोडलेला असतो. नोकरीबरोबर तोही जातो. दुकानदार, न्हावी, उपाहारगृहे यांचे उत्पन्न घटते. घरांच्या किमती उतरतात. शाळांचा बराचसा खर्च स्थानिक मालमत्ताकरातून चालत असल्याने शाळांनाही झळ पोहोचते. पन्नाशीच्या कामगाराला दुसऱ्या शहरात जावे, तर पडेल भावात विकावे लागणारे घर त्याला अडकवून ठेवते.

शुशानिक हाकोब्यान आणि जॉन मॅक्लारेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९९० व २००० च्या जनगणनांच्या आधारे हेच चित्र आकड्यांत मांडले. मेक्सिकोच्या स्पर्धेची झळ ज्या उद्योगांना सर्वाधिक बसली, त्या उद्योगांतील कमी शिकलेल्या कामगारांची वेतनवाढ इतरांच्या तुलनेत बरीच मागे पडली. इतकेच नव्हे, तर अशा गावांतील सेवाक्षेत्रात काम करणाऱ्यांचे वेतनही मागे पडले, जरी त्यांच्या कामाचा आयातीशी थेट संबंध नव्हता. म्हणजे 'परिणाम लहान होता' आणि 'आमचे गाव बुडाले' ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात.

आणखी एक परिणाम आकडेवारीत सहज दिसत नाही. कॉर्नेल विद्यापीठातील केट ब्रॉन्फनब्रेनर यांच्या अभ्यासात असे आढळले की, कामगार संघटना बांधू लागले असता सुमारे निम्म्या मालकांनी कारखाना बंद करण्याची किंवा हलवण्याची धमकी दिली. कारखाना प्रत्यक्षात कोठेही गेला नाही, तरी तो जाऊ शकतो या भीतीनेच कामगारांची वाटाघाटीतील शक्ती क्षीण झाली.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) योग्य पर्याय किंवा आकडा लिहा.
१) नाफ्टा करार ............ या वर्षी अमलात आला.
२) प्रतिनिधिगृहात कराराला बहुसंख्य (रिपब्लिकन / डेमोक्रॅटिक) सदस्यांनी विरोध केला.
(आ) चूक की बरोबर ते सांगा.
१) नाफ्टा लागू होताच अमेरिकेतील कारखानदारी रोजगार झपाट्याने घटला.
२) कारखाना न हलताही स्थलांतराच्या धमकीचा वेतनावर परिणाम होऊ शकतो.

६.२.४ रोजगार घटण्याची अन्य कारणे

अमेरिकेतील कारखानदारी रोजगाराचा उच्चांक १९७९ मध्ये, सुमारे १ कोटी ९५ लाख असा होता. म्हणजे घसरण नाफ्टाच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. तसेच अमेरिकी कंपन्यांचे जुळणी कारखाने, ज्यांना 'माकिलादोरा' म्हणतात, ते मेक्सिकोच्या सीमेवर १९६५ पासून उभे राहत होते. कराराने या प्रवाहाला वेग दिला. प्रवाह मात्र त्याने सुरू केला नव्हता.

खरी मोठी घसरण २००० नंतर झाली. २०१० च्या आरंभी हा रोजगार सुमारे १ कोटी १५ लाखांवर आला. या घसरणीमागे प्रामुख्याने तीन कारणे दिसतात. पहिले कारण यंत्रे आणि स्वयंचलन हे होय. तेवढेच उत्पादन कमी माणसांत होऊ लागले. दुसरे कारण २००१ ची मंदी आणि २००८ च्या वित्तीय संकटानंतरची मोठी मंदी. तिसरे कारण चीनमधून आलेली आयात. अमेरिकेने २००० मध्ये चीनला कायमस्वरूपी सामान्य व्यापारी संबंधांचा दर्जा देणारा कायदा केला आणि ११ डिसेंबर २००१ रोजी चीन जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला. डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन यांच्या २०१३ मधील प्रसिद्ध अभ्यासानुसार, १९९० ते २००७ या काळात कारखानदारी रोजगारात झालेल्या घटीपैकी सुमारे एक चतुर्थांश घट चिनी आयातीमुळे झाली.

या ठिकाणी एक विरोधाभास लक्षात घ्या. चीन आणि अमेरिका यांच्यात मुक्त व्यापार करार कधीच झाला नाही. आयातीचा सर्वांत मोठा धक्का ज्या देशाकडून बसला, त्याच्याशी असा करार नव्हता. ज्या देशाशी करार होता, त्याच्याकडून बसलेला धक्का तुलनेने लहान होता. तरीही जनमानसात नाव कोरले गेले ते 'नाफ्टा'चे. असे का व्हावे?

६.२.५ ठपका करारावरच का?

याची चार कारणे सांगता येतील.

१) करार डोळ्यांना दिसतो. त्याला तारीख असते, नाव असते, स्वाक्षरी करणाऱ्याचे छायाचित्र असते. यंत्रमानव कारखान्यात एकेक करून येतात. त्यांच्या आगमनावर कोणी स्वाक्षरी करीत नाही आणि कोणी मतदानही करीत नाही. चेहरा नसलेल्या कारणापेक्षा चेहरा असलेल्या कारणावर खापर फोडणे सोपे असते.

२) लाभ विखुरलेला आणि हानी एकवटलेली असते. शीतकपाट काही डॉलरने स्वस्त मिळाले म्हणून कोणी ग्राहक कराराचे आभार मानीत नाही. बहुधा त्याला ते कळतही नाही. ज्याची नोकरी गेली तो मात्र ते जन्मभर विसरत नाही आणि त्याच आठवणीने मतदान करतो.

३) परका दोषी सोयीचा असतो. मेक्सिकन कामगाराला अमेरिकेत मत नाही. त्याच्यावर दोष ठेवल्याने कोणत्याही अमेरिकी उमेदवाराचे नुकसान होत नाही. उलट, कारखाना हलवण्याचा निर्णय घेणारे संचालक मंडळ, भरपाईसाठी पुरेसा निधी न देणारी संसद आणि दोन्ही पक्षांचे नेते यांना आडोसा मिळतो.

४) कराराच्या समर्थकांनी चुकीची कसोटी स्वतःच निवडली. व्यापाराचा खरा लाभ स्वस्त वस्तू, मोठी बाजारपेठ आणि वाढती उत्पादकता यांत असतो. देशातील एकूण नोकऱ्यांची संख्या मुख्यतः मागणी, व्याजदर आणि सर्वसाधारण आर्थिक स्थिती यांवर ठरते. परंतु मते मिळवण्यासाठी समर्थकांनी 'दोन लाख नोकऱ्या' असे आश्वासन दिले. नोकऱ्यांच्या आश्वासनावर स्वीकारलेला करार पुढे नोकऱ्यांच्या हिशेबावरच दोषी ठरला, यात आश्चर्य नाही.

६.२.६ न फेडलेले ऋण

मुक्त व्यापाराच्या समर्थनात अर्थशास्त्रज्ञ एक युक्तिवाद करतात. व्यापारात ज्यांचा लाभ होतो, त्यांचा लाभ इतका मोठा असतो की त्यातून नुकसान झालेल्यांची भरपाई करूनही काही शिल्लक उरते. या युक्तिवादातील सर्व वजन 'भरपाई करता येते' या शब्दांवर आहे. ती 'केली जाते' असे तो म्हणत नाही. 'येते' आणि 'जाते' यांमधील हे अंतर म्हणजेच राजकीय रोषाची सुपीक जमीन होय.

हे अंतर अमेरिकी राज्यकर्त्यांना माहीत नव्हते असे नाही. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या काळात, १९६२ च्या व्यापार विस्तार कायद्याने, आयातीमुळे काम गमावलेल्यांसाठी साहाय्य योजना सुरू झाली होती. नाफ्टाबरोबरही अशी स्वतंत्र योजना आणली गेली. पुनर्प्रशिक्षण आणि ठरावीक काळ निर्वाहभत्ता असे तिचे स्वरूप होते. परंतु साहाय्य मिळण्यासाठी आपली नोकरी आयातीमुळे किंवा उत्पादन परदेशी गेल्यामुळेच गेली, हे अर्ज करून सिद्ध करावे लागे. कारखान्याभोवतीच्या दुकानदाराला तिचा लाभ नव्हता. वीस-पंचवीस वर्षे एकाच यंत्रावर काम केलेल्या माणसाला काही महिन्यांच्या प्रशिक्षणाने तोलामोलाचे वेतन मिळेलच, असेही नव्हते. शेवटी ही योजनाही जुलै २०२२ पासून नव्या अर्जदारांसाठी बंद झाली, कारण संसदेने तिला मुदतवाढ दिली नाही.

म्हणून गेल्सबर्गसारख्या गावांच्या तक्रारीचे मूल्यमापन करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. 'नोकऱ्या जाण्याचे प्रमुख कारण करार होते का?' या प्रश्नाचे उत्तर, देशाचा विचार करता, बहुतांशी नकारार्थी आहे. 'तुमच्यावर अन्याय झाला का?' या प्रश्नाचे उत्तर मात्र होकारार्थी द्यावे लागते. आधी आश्वासन दिले गेले, पुढे देशाचा लाभ घेतला गेला आणि त्याची किंमत मोजणाऱ्यांचे देणे थकीत राहिले.

६.२.७ सीमेपलीकडची बाजू

'आमच्या नोकऱ्या मेक्सिकोने नेल्या' हे वाक्य ऐकताना मेक्सिको हा केवळ लाभार्थी होता असे वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. सीमेवरील कारखान्यांत रोजगार वाढला, हे खरे. पण मका हे ज्यांचे अन्न आणि पीक दोन्ही होते, त्या मेक्सिकन लहान शेतकऱ्यांना अनुदानित अमेरिकी मक्याशी स्पर्धा करावी लागली. मक्यावरील शुल्काचे शेवटचे संरक्षण १ जानेवारी २००८ रोजी संपले. करार लागू झाला त्याच दिवशी, १ जानेवारी १९९४ रोजी, चियापास राज्यात झापातिस्ता बंडखोरांनी उठाव केला आणि कराराला विरोध हे त्याचे एक निमित्त होते. २००१ नंतर चीनच्या स्पर्धेमुळे सीमेवरील काही माकिलादोरा कारखानेही बंद पडले. म्हणजे इलिनॉयचा कामगार आणि चियापासचा शेतकरी एकाच करारावर रुष्ट होते. प्रत्येकाला मात्र लाभ पलीकडच्याचा झाला असे वाटत होते.

६.२.८ दोषारोपाचे राजकारण पुढे कोठे गेले?

२००८ मध्ये ओहायो राज्यातील प्राथमिक निवडणुकीत बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन या दोघांनीही नाफ्टावर टीका केली. २०१६ मध्ये डाव्या बाजूने बर्नी सँडर्स आणि उजव्या बाजूने डोनाल्ड ट्रम्प यांनी तोच विषय प्रचाराच्या अग्रस्थानी आणला. ट्रम्प यांनी पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन आणि ओहायो ही कारखानदारीची राज्ये जिंकली आणि निवडणूकही जिंकली.

त्यानंतर करार रद्द झाला नाही. त्याची फेरमांडणी झाली. ३० नोव्हेंबर २०१८ रोजी अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांनी नव्या करारावर स्वाक्षऱ्या केल्या व तो १ जुलै २०२० पासून लागू झाला. मोटारीला शुल्कमाफी मिळण्यासाठी तिच्या मूल्यापैकी या तीन देशांत निर्माण होणारा हिस्सा ६२.५ टक्क्यांवरून ७५ टक्के करण्यात आला. तसेच मोटारीच्या मूल्याचा ४० ते ४५ टक्के भाग ताशी किमान १६ डॉलर वेतन असलेल्या कामगारांनी निर्माण केलेला असावा, अशी अट घालण्यात आली. या तरतुदी नव्या होत्या. परंतु बंद पडलेल्या कारखान्यांच्या गावांना भरपाई कशी द्यावी, हा जुना प्रश्न त्यांनी सोडवला नाही.

६.२.९ भारतीय संदर्भ

आपल्या देशातही हीच चर्चा वेगळ्या रूपात चालते. आसियान देशांशी भारताचा वस्तुव्यापार करार १ जानेवारी २०१० रोजी लागू झाला. त्यानंतर वाढलेल्या तुटीबद्दल पुढील सरकारांनी आधीच्या सरकारांना दोष दिला. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉक येथे भारताने 'प्रादेशिक सर्वंकष आर्थिक भागीदारी' या करारात सहभागी न होण्याचा निर्णय जाहीर केला. न्यूझीलंडची दूध भुकटी शुल्काविना आल्यास दूध उत्पादकांचे काय होईल, ही चिंता त्यामागील एक कारण होती. महाराष्ट्रातील सहकारी दूध संघांशी जोडलेल्या लहान शेतकऱ्यांसाठी ती चिंता जिव्हाळ्याची होती. नाफ्टाच्या अनुभवावरून असे म्हणता येईल की, 'करार करावा की करू नये' एवढाच प्रश्न पुरेसा नाही. करार केल्यास किंमत कोण मोजेल आणि त्याची भरपाई कोण, केव्हा व कशी देईल, हे स्वाक्षरीपूर्वीच विचारले गेले पाहिजे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
एका वाक्यात उत्तरे लिहा.
१) अमेरिकेतील कारखानदारी रोजगाराचा उच्चांक कोणत्या वर्षी होता?
२) ऑटर, डॉर्न व हॅन्सन यांच्या अभ्यासानुसार १९९० ते २००७ मधील घटीपैकी किती भाग चिनी आयातीमुळे झाला?
३) आयातीमुळे काम गमावलेल्यांसाठीची साहाय्य योजना प्रथम कोणत्या कायद्याने सुरू झाली?

६.३ सारांश

नाफ्टा करार दोन्ही अमेरिकी पक्षांच्या सहभागाने झाला. देशाच्या सरासरीवर त्याचा परिणाम लहान होता. परंतु काही उद्योग आणि गावे यांवर तो तीव्र होता. कारखानदारी रोजगाराची मोठी घसरण २००० नंतर झाली. तिच्यामागे स्वयंचलन, मंदी आणि चिनी आयात ही प्रमुख कारणे होती. तरीही ठपका करारावर आला, कारण करार दिसतो, त्याची हानी एकवटलेली असते, परका दोषी सोयीचा असतो आणि समर्थकांनी नोकऱ्यांचे आश्वासन दिले होते. दोषारोपाचा रोख अनेकदा चुकला, पण त्यामागील दुःख खोटे नव्हते. नुकसानग्रस्तांना भरपाई देण्याचे आश्वासन अपुरे राहिले, हे या प्रकरणातील खरे अपयश होय.

६.४ पारिभाषिक शब्द

मुक्त व्यापार करार : सहभागी देशांनी परस्परांच्या मालावरील आयातशुल्क व अन्य निर्बंध कमी किंवा रद्द करण्यासाठी केलेला करार.
व्यापारतूट : आयातीचे मूल्य निर्यातीच्या मूल्यापेक्षा जास्त असण्याची स्थिती.
माकिलादोरा : आयात केलेल्या सुट्या भागांची जुळणी करून माल पुन्हा निर्यात करणारा, मेक्सिकोतील कारखाना.
स्वयंचलन : माणसांनी करावयाची कामे यंत्रांकरवी करून घेण्याची पद्धत.
पुनर्प्रशिक्षण : काम गमावलेल्या व्यक्तीला नव्या कामासाठी दिले जाणारे शिक्षण.

६.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : (अ) १) १९९४ २) डेमोक्रॅटिक (आ) १) चूक २) बरोबर
प्रश्न – २ : १) १९७९ मध्ये. २) सुमारे एक चतुर्थांश. ३) १९६२ च्या व्यापार विस्तार कायद्याने.

६.६ स्वाध्याय

१) 'परिणाम लहान होता आणि आमचे गाव बुडाले, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात.' नाफ्टाच्या आधारे स्पष्ट करा.
२) रोजगारहानीचा ठपका यंत्रांपेक्षा करारांवर अधिक का येतो, याची कारणमीमांसा करा.
३) टीपा लिहा : (अ) १९९३ चे प्रतिनिधिगृहातील मतदान (आ) व्यापारामुळे नुकसान झालेल्यांची भरपाई (इ) मेक्सिकोतील मका उत्पादक.

क्षेत्रीय कार्य : तुमच्या परिसरात बंद पडलेला एखादा कारखाना, गिरणी किंवा कुटिरोद्योग निवडा. तेथे पूर्वी काम करणाऱ्या किमान तीन व्यक्तींशी बोला. तो बंद पडण्याचे कारण त्यांच्या मते कोणते, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. मग इतर संभाव्य कारणांची यादी करा आणि दोहोंची तुलना करणारा अहवाल दोन पानांत लिहा. व्यक्तींची नावे अहवालात देऊ नका.